पट्ट्यावर न ठेवलेला डबा

पाणी लागलं की तापणारी एक पांढरी पूड असते. कापडावरचा रंग उतरवायला वापरतात. सुरतेच्या डाइंग मिलांत तिला सगळे हायड्रो म्हणतात. ओल लागली की ती आधी गरम होते, मग घुसमटवणारा वास सोडते, मग पेटते.

*

तक्रारपेटीतली चिठ्ठी: "मशिनीवरच्या बाईने माझ्या सासूबाईंचा देव्हारा उघडायला लावला. बाळकृष्णाला प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये झोपवून आत ढकललं. धर्म नावाची गोष्ट आहे की नाही?"

*

दशक्रियेला एका भावकीतले पुरुष न्हाव्यापुढे ओळीनं बसतात. सगळ्यांचे केस एकाच सकाळी उतरतात.

*

"अनोळखी माणसानं दिलेली वस्तू सोबत घेऊ नका." ही घोषणा तीन भाषांत होते. ओळखीच्या माणसाबद्दल कुठल्याच भाषेत काही सांगितलेलं नाही.

*

श्रावणातल्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई ही देवी बसते. सुरतेतल्या उधना, लिंबायत, डिंडोली इथल्या गल्ल्या जागतात. तिच्या नैवेद्याचे रोट जाड पोळीसारखे असतात, गव्हाचे. भावकीबाहेर ते कुणाला देत नाहीत. शेजारी कितीही जवळचा असो, त्याला पुरणपोळी मिळेल, रोट नाही.

*

एक माणूस म्हणतो, "आपलाच आहे, जाऊ दे." हे वाक्य कुठल्याही मशिनीत दिसत नाही.


धूर

विमान लहान होतं, दोन पंख्यांचं. सुरतेबाहेर, इच्छापोरच्या पुढे, जिथून हजीऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसतात, तिथल्या एका खाजगी विमानतळावरून ते रोज सकाळी आखात ओलांडून सौराष्ट्रात जायचं. व्यापारी, मिलवाले, मुलांकडे निघालेले म्हातारे. एसटीसारखी सवय झालेलं विमान.

त्या सकाळी ते धावपट्टीच्या टोकाशी वळलं आणि मागच्या बाजूला सीटखालून धूर आला. मग जाळ. पायलटनं तिथंच थांबवलं, दार उघडलं, माणसं गवतात उड्या टाकून पळाली. शेवटच्या रांगेतल्या शांताबाई नावाच्या वयस्कर बाईंना दोघांनी उचलून काढलं, तोवर त्यांचे दोन्ही तळपाय भाजले होते.

अजून थोडा वेळ गेला असता, तर खाली गवत नसतं. पाणी असतं.

आग विझल्यावर सीटखाली एक स्टीलचा डबा मिळाला. गोल, कडीचा, काळा पडलेला. ना विमानतळाचा, ना कंपनीचा. प्रवाशांतही कुणाचाच नाही.

संध्याकाळपर्यंत दोषी मात्र सापडली होती. बॅगा तपासणाऱ्या मशिनीच्या पडद्यासमोर बसणारी योगिता. तिला घरी पाठवलं. मालकांचा वकील तिचं नाव पोलिसांत देणार होता. त्याआधी विमा कंपनीचा अहवाल हवा, एवढंच काय ते राहिलं होतं.

अहवाल लिहायला विमा कंपनीनं सरलाबाईंना पाठवलं.


जिचं नाव आधीच ठरलं होतं

सरलाबाई पाटील, विमा कंपनीच्या तपासनीस. उधन्यात वाढलेल्या, मूळ गाव शिरपूरकडचं. गोदामांच्या आगी, बुडालेला माल, मुद्दाम फोडलेल्या गाड्या, आयुष्य यातच गेलं. लोक खोटं बोलताना त्यांना राग यायचा नाही. लोक खोटं बोलताना घाई करतात, त्याचा यायचा.

त्यांनी योगिताला विमानतळावरच बोलावून घेतलं. ती गणवेशात आली.

"गणवेश जमा करायला सांगितला होता ना?" विमानतळाचे मॅनेजर हेमलभाई म्हणाले.

"सांगितला होता," योगिता म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

सरलाबाईंनी विचारलं, "मशिनीवर तूच होतीस?"

"मीच."

"डबा दिसला?"

"नाही."

"नजर चुकली असेल, पोरी. सकाळची वेळ."

"माझी चुकेल, ताई. मशिनीची कशी चुकेल? प्रत्येक बॅगेचं चित्र साठतं आत. बघा ना."

सरलाबाईंनी पाहिलं. बॅगांमागून बॅगा. चार्जर, चपला, औषधं, कुणाची तरी पितळी घंटा. स्टीलचा डबा त्या पडद्यावर काळ्या चकतीसारखा दिसतो. योगितानं स्वतःचा जेवणाचा डबा पट्ट्यावर ठेवून दाखवला. त्या सकाळच्या चित्रांत काळी चकती नव्हती.

"पुसलं असेल तिनं," हेमलभाई म्हणाले.

"पुसायची परवानगी कुणाला आहे?"

हेमलभाईंनी रुमालानं मान पुसली. "मला."

"तुम्ही पुसलं?"

"शूं बात करो छो, बेन! मी कशाला?"

"मग कुणीच नाही पुसलं. पुढं चला."

हेमलभाई पुढं झुकले. आवाज खाली आणला. "बेन, डब्याच्या झाकणावर हळदकुंकू होतं. लाल कपडा होता. ही पण तुमच्या खानदेशची. देवाचं आहे म्हणून हातानंच पलीकडे दिला असेल. समजून घ्या."

योगितानं ते ऐकलं. ती हसली, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

"साहेब, तक्रारपेटी उघडा. माझ्यावरच्या चिठ्ठ्या वाचा. मी कुणाचा बाळकृष्ण ट्रेमध्ये घातला, कुणाच्या नवरीची ओटी सोडायला लावली, मोठ्या शेठच्या मेहुण्याला कमरेचा पट्टा काढायला लावला. तुम्हीच मला केबिनमध्ये उभं करून सांगितलं होतं, 'थोडं माणसासारखं वाग.' आणि आता म्हणता, मी देव बघून विरघळले?" तिनं सरलाबाईंकडे पाहिलं. "माझ्यापुढे खुद्द कानबाई आली असती ना, ताई, तर तिलाही पट्ट्यावर बसवली असती. आधी मशीन, मग नमस्कार."

सरलाबाईंनी तक्रारपेटी उघडायला लावली. चिठ्ठ्या होत्या. सगळ्या योगिताच्याच नावानं.

डबा मशिनीतून गेला नव्हता. मग तो विमानात चढला कसा?


दार

तपासणीच्या जागी गोष्टी दोन. बॅगांचा पट्टा, आणि त्याच्या शेजारी माणसांची चौकट, जिच्यातून चालत जायचं. पट्ट्यावर कॅमेरा रोखलेला. चौकटीच्या कडेला, भिंतीलगत, हातभर मोकळी जागा. तिथं कॅमेरा पोचत नाही. आणि त्या जागेपाशी दिवसभर एकच माणूस उभा असतो.

पलीकडे आणखी एक दार दिसलं.

"हे कशाचं?"

"मालकांच्या पाहुण्यांचं," हेमलभाई म्हणाले. "थेट विमानापाशी. कटकट नको म्हणून."

"त्या सकाळी उघडलं होतं?"

"नाही, नाही. त्या दिवशी पाहुणे नव्हते. कुलूप होतं. विचारा धुडकूला."

धुडकू म्हणजे चौकटीपाशी उभा राहणारा रखवालदार. पंचेचाळिशीचा, रुंद, गणवेशाची टोपी कपाळापर्यंत ओढलेली. सरलाबाईंनी त्याला बसायला सांगितलं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. डोक्यावर केसांचे बारीक खुंट.

"कुणी गेलं का घरात?"

"काका वारले, ताई. सख्खे. कानबाईच्या आधीच. यंदा आमच्याकडं कानबाई नाही बसली, सुतक आलं मधी." त्यानं नजर वर केली. "तुम्ही कुठल्या, ताई?"

"शिरपूरकडची."

धुडकूचा चेहरा उजळला. "मंग आपलाच मानूस! आधी सांगायचं ना. चहा सांगतो."

"चहा नंतर. धुडकूभाऊ, त्या सकाळी कुणी हातातली वस्तू चौकटीतून नेली?"

उजळलेला चेहरा बंद झाला.

"कुणीच नाही. सगळं पट्ट्यावर. मी स्वतः सांगतो ना प्रत्येकाला."

त्याचा उत्तर देण्याचा वेग सरलाबाईंना आवडला नाही.


झाकण

डबा त्यांनी टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिला.

बाहेरून: जळालेल्या लाल कापडाची किनार. झाकणावर हळदीची आणि कुंकवाची बोटं, आगीतही टिकलेली.

आतून: झाकणाच्या खालच्या बाजूला चिकटलेला जाड भाकरीसारखा कोळसा. गहू, असं प्रयोगशाळेनं सांगितलं. त्याखाली वितळलेलं प्लॅस्टिक. त्याखाली पिवळट खपली.

"हायड्रो," प्रयोगशाळेतला माणूस फोनवर म्हणाला. "वरून ओल मिळाली त्याला."

हेमलभाईंना हे कळल्यावर ते एकदम मोकळे झाले. "मग झालं! त्या विमानात मिलवाला होता एक. लखन. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंग चढवतो. हात बघा त्याचे!"


हात

लखनचे हात खरंच बघण्यासारखे होते. बोटांची कातडी फिकट, जागोजागी जुन्या भाजल्याच्या खुणा. केस दाट, तेल लावून मागं फिरवलेले. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता आणि आधीच चिडलेला होता.

"माझंच नाव येणार, माहीत होतं मला. मिलवाला ना मी!"

"मिलवालाच आहेस ना?"

"हो, म्हणूनच सांगतो. आमच्याकडं एका पोराचं तोंड जळालंय हायड्रोनं, पावसाळ्यात डबा उघडा राहिला म्हणून. मी ते विमानात नेणार? आणि वर पोळ्या ठेवणार? गरम पोळ्या? मॅडम, मला मरायचं असतं तर तापी आहे ना, फुकट."

सरलाबाईंना हसू आलं. त्यांनी ते दाबलं नाही.

"वर पोळ्या होत्या हे तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या हेमलभाईंनी. सगळ्या विमानतळाला सांगून झालंय त्यांचं."

"आणि गरम होत्या हे?"

लखननं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "कुणीच नाही. पण ओल कुठून येणार दुसरीकडून? थंड पोळीतून वाफ निघत नाही."

तो गेल्यावर सरलाबाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. हायड्रो हाताळणारा माणूस त्याला घाबरतो. ज्यानं हा डबा भरला, तो घाबरत नव्हता. म्हणजे तो हायड्रो वापरणारा नव्हता. तो हायड्रो विकणारा होता.


पाय

इस्पितळात शांताबाई उशीला टेकून बसल्या होत्या. मूळच्या अकोल्याकडच्या, मुलगा कोसाडला बांधकामावर, मुलगी सौराष्ट्रात दिलेली. तिची सुटका व्हायची होती म्हणून पहिल्यांदा विमानात बसल्या होत्या.

"पोरगी झाली व बाई तिले," त्या आधी तेच म्हणाल्या. "म्या नाही पोचली, पन पोरगी पोचली."

"डबा पाहिला होतात, आजी?"

"पाह्यला कुठून? पायाशी होता माह्या. समोरच्या शिटीखालून सरकला होता. म्या पाय टेकवला तं कोमट लागला. म्हनलं, कोनाचं ताजं जेवन असन. पाय दुखतेत माहे, म्हनून शेकत बसली." त्या पट्ट्या बांधलेल्या पायांकडे बघून हसल्या. "लयच शेकले."

"समोरच्या सीटवर कोण होतं?"

"दोघं. एक तेलकट केसाचा. एक टोपीवाला पोरगा, सारखा फोनवर."

तेलकट केसांचा लखन. टोपीवाला दुसरा.


टोपी

टोपीवाल्याचं नाव वैभव. तिशीच्या आतला, खानदेशी घरातला पण सुरतेतच जन्मलेला, मराठीत सुरुवात करून गुजरातीत संपवणारा. सॅम्पल दाखवून ऑर्डर आणायचा धंदा.

"कसले सॅम्पल?"

"लेस, बटन, जरी. जे मळे ते, जे मिळेल ते, मावशी." त्यानं हसून हात जोडले. "माझी बॅग मशिनीतून गेलीय. चेक करा. लॅपटॉप आणि चार्जर."

बॅग गेली होती. चित्र होतं. लॅपटॉप आणि चार्जरच.

खोलीत पंखा नव्हता. वैभवनं टोपी काढून घाम पुसला आणि परत घालायला लागला.

"नवी स्टाईल?" सरलाबाईंनी विचारलं.

"हा, समर कट."

"छान आहे. कानबाई झाली का रे घरी?"

"एकदम जोरात, मावशी! डीजे लावला होता. आख्खी सोसायटी नाचली."

सरलाबाईंनी मान डोलावली. त्याला जाऊ दिलं. दार लागल्यावरही त्या त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या.

केसांचे ते खुंट त्यांनी आधी पाहिले होते. तेवढेच वाढलेले. दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर.


एका खोलीत सगळे

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणीच्या जागेमागच्या खोलीत हेमलभाई, योगिता, धुडकू आणि वैभव. खुर्च्या कमी होत्या. वैभव बसला. योगिता उभीच राहिली.

"डबा मशिनीत नव्हता," सरलाबाई म्हणाल्या. "पाहुण्यांच्या दाराला कुलूप होतं. म्हणजे तो चौकटीच्या कडेनं, हातातून हातात गेला. तिथं माणूस एकच."

धुडकू जमिनीकडे बघत होता.

"आता झाकण. हळद, कुंकू, लाल कापड, खाली जाड पोळी. ही सजावट कुणासाठी? विमानातल्यांनी तो डबा पाहिलाच नाही. पडद्यासमोर बसणारी योगिता देवाला सोडत नाही, हे तक्रारपेटीला माहीत आहे. सजावट होती दारावरच्या माणसासाठी. त्याला कुणीतरी सांगितलं, हे कानबाईचे रोट आहेत."

"मग धुडकू गुनेगार!" हेमलभाई म्हणाले.

"थांबा. धुडकूभाऊ कानबाई करणाऱ्या घरातले. रोट भावकीबाहेर जात नाही हे त्यांना दुधाच्या दातांपासून ठाऊक. उपरा माणूस रोट मिरवत आला असता, तर यांनी त्याला हसून बाजूला उभं केलं असतं. तपासायला गेलेले यांचे हात मागं फिरले, कारण आणणारा यांच्याच भावकीतला होता." त्या वैभवकडे वळल्या. "टोपी काढ, बाळा."

"मावशी, सुरतमां टकले हजारो आहेत!"

"हजारो आहेत. पण तुझ्या आणि धुडकूभाऊंच्या डोक्यावर एकाच दिवसाचे खुंट आहेत. आणि ज्या भावकीत सुतक होतं, तिथं डीजे लावून कानबाई केली म्हणणारा एकच आहे. धुडकूभाऊंचे काका गेले, म्हणून त्यांच्याकडे कानबाई बसली नाही. सुतक काय एका खोलीला असतं? ते सगळ्या भावकीला असतं. त्यांच्याकडे नाही, तर तुझ्याकडेही नाही. कानबाई नाही, तर रोट नाही. मग डब्यात काय होतं?"

वैभव खुर्चीत मागं सरकला. "तुम्ही केसांवरून नातं जोडता? कोर्टात सांगा हे, लोक हसतील."

"कोर्टात मी नाही सांगणार." सरलाबाई धुडकूसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज बदलला, भाषाही बदलून अहिराणी झाली. "धुडकूभाऊ, हाऊ पोऱ्या तुना कोन शे?"

धुडकूनं टोपी काढून हातात घेतली.

"चुलतभाऊना पोऱ्या. गेलेल्या काकांचा नातू."

"डबा तुना हातमा व्हता?"

"व्हता."

"कसा लागला हाताला?"

"कोमट."

"कानबाई होऊन आठवडा उलटला होता, भाऊ. आठवड्याचा रोट दगड होतो, दुधात भिजवून खावा लागतो. तो कोमट कसा असेल?"

धुडकूनं डोळे मिटले. "त्यानी सांगं, काका, देवीना रोट शे, मशीनमा घालू नका, बाटस. माले काय सुचनंच नही, ताई. रोट म्हनला आणि मी हात जोडले. सुतक नही आठवनं, कोमट नही समजनं. पुतण्या होता. देवीचं नाव होतं. मी हात जोडले आणि डबा गेला." मग तो योगिताकडे वळला. "पोरी, तुझं नाव घेत होते सगळे आणि मी गप बसलो. भावकी म्हणून गप बसलो."

योगितानं त्याच्यावरून नजर काढून वैभवकडे वळवली. 

वैभव उठून उभा राहिला. "ऐ काका, काय पण बोलतो! मी अतिरेकी आहे काय? हायड्रोचं सॅम्पल होतं. खाली एक प्लॅस्टिकची पिशवी, बास. त्या पार्टीला त्याच दिवशी पाहिजे होतं, कुरियरवाला हात लावत नव्हता, रस्त्यानं गेलो असतो तर ऑर्डर दुसऱ्याला! आईच्या हातच्या दोन जाड पोळ्या वर टाकल्या, तव्यावरच्या. कुणाला मारायचं होतं मला? मी पण बसलो होतो ना त्याच विमानात!"

"हो," सरलाबाई म्हणाल्या. "तेच मी अहवालात सगळ्यात वर लिहिलंय. तुला कुणालाच मारायचं नव्हतं. ज्या पोळ्यांनी डबा देवाचा झाला, त्यांच्याच वाफेनं तो पेटला, आणि तुला शेवटपर्यंत कळलं नाही. विमान पाडायला वाईट माणूस लागत नाही, हेमलभाई. घाईतला माणूस पुरतो. आणि त्याच्यासमोर एक भला माणूस."


हेमलभाईंचा मुद्दा

तो मुद्दा चुकीचा नव्हता, म्हणून इथे पूर्ण दिला पाहिजे.

पोलीस वैभवला घेऊन गेल्यावर ते म्हणाले, "बेन, डबा एकदाच गेला. एकाच माणसानं नेला. लिहा, प्रवाशानं फसवलं, धुडकूला काढलं, योगिता निर्दोष. बस. उगाच सगळं कडक करायला नका सांगू. म्हाताऱ्या बायांना तपासायचं, देवाला तपासायचं, लोकांना अपमान वाटतो. आमच्याकडं लोक ओळखीमुळे येतात. मोठ्या विमानतळावर गुरासारखं उभं करतात, इथं नावानं हाक मारतो आम्ही. ते गेलं तर काय उरलं?"

"अपमान कुणाला वाटतो?" हे योगितानं विचारलं.

"सगळ्यांनाच."

"नाही, साहेब. मी बसते ना तिथं. बांधकामावरचा माणूस पिशवी उलटी करून दाखवतो, न सांगता. त्याला वाटत नाही अपमान, कारण त्याला आयुष्यभर सगळ्यांनीच तपासलंय. अपमान वाटतो ज्याला कधीच कुणी तपासलं नाही त्याला. मेहुण्याला वाटतो. पुतण्याला वाटतो. जो म्हणतो ना, मला ओळखत नाही का तू, त्याला." ती टेबलापाशी आली. "ओळखते. म्हणून तर उघडायला लावते. अनोळखी माणसाला तर कुणीही तपासेल."

"थोडं सौजन्य..."

"बोलेन गोड. जेवढं म्हणाल तेवढं. हात मात्र प्रत्येक पिशवीत जाईल. आणि पाहुण्यांचं ते दार बंद. कुलूप नको, भिंत घाला."

"ते माझ्या हातात नाही."

"मग मीही तुमच्या हातात नाही. आत्ता उतरवते गणवेश."

हेमलभाईंनी सरलाबाईंकडे पाहिलं. समजवा हिला, असं त्यांच्या डोळ्यांत होतं.

"दार उघडं राहिलं तर विमा उतरवायचा नाही, असं मी लिहिलंय," सरलाबाई म्हणाल्या. "विम्याशिवाय विमान उडत नाही. तुम्ही मालकांना एवढंच सांगा. बाकी त्यांना सौजन्यानं समजेल."


पट्टा

भिंत घातली. विटा होत्या, गिलावा नव्हता, तरी घातली.

धुडकूची नोकरी गेली. जाताना तो योगिताला काही सांगायला थांबला होता. ती मशीन सुरू करत होती आणि तिनं मान वर केली नाही. चौकटीपाशी आता बळीराम नावाचा नवा माणूस उभा राहतो. त्याला पहिल्या दिवशी योगितानं एकच गोष्ट शिकवली: हात जोडायचे असतील तर पट्टा थांबल्यावर.

लोक चिडतात. रांग लांबते. एका व्यापाऱ्यानं व्हिडिओ काढला, खाली लिहिलं, 'इथली बाई स्वतःला काय समजते?' एका लग्नाच्या वऱ्हाडानं नवरदेवाचा फेटा काढायला नकार दिला. विमान त्यांच्याशिवाय गेलं. मालकांचे मेहुणे आले, रांगेत उभे राहिले, पट्टा काढला, आणि पलीकडे गेल्यावर तो पुन्हा घालताना म्हणाले, "तुझं नाव लक्षात ठेवीन मी."

"ठेवा," योगिता म्हणाली. "योगिता. पुढचे या."

सरलाबाई अहवालाची प्रत द्यायला आल्या, तेव्हा त्यांना विमानात बसायचं नव्हतं, फक्त आतल्या केबिनमध्ये जायचं होतं. योगितानं त्यांच्याकडे पाहिलं. ज्या बाईनं तिची नोकरी वाचवली, ती बाई. मग तिनं ट्रे पुढे सरकवला.

"पर्स, ताई."

"मी आहे गं, पोरी."

"माहीत आहे ना."

सरलाबाईंनी पर्स ट्रेमध्ये ठेवली. मग घड्याळ. मग, मागितलं नव्हतं तरी, हातातली फाइल.

*

आगीच्या त्या सकाळी शांताबाईंनी आपली काठी, कुणी न सांगता, पट्ट्यावर आडवी ठेवली होती, आणि भिंतीला धरून चौकटीतून चालत पलीकडे गेल्या होत्या.